पिस्टन घासून नको, मापून विका



कारखान्याचा पट्टा पडला, ऊस वाहतूक थांबली की आमच्या भागात ट्रॅक्टर उघडायचा हंगाम सुरू होतो. पाच महिने ट्रॉल्या ओढून इंजिन ऑइल खायला लागलेलं असतं, ब्रीदरमधून धूर येत असतो, सकाळी स्टार्टरला दम लागत असतो. मग चैत्र-वैशाखात, नांगरट उरकायच्या आत, मिस्त्रीच्या दारात रांग लागते. आणि त्याच दोन महिन्यांत जुन्या पिस्टनचा बाजार तेजीत येतो. मोबाईलवर फोटो फिरतात. चांदीच्या भांड्यासारखे चकाकणारे तीन नाहीतर चार पिस्टन पोत्यावर मांडलेले, खाली लिहिलेलं: "एकदम टॉप कंडिशन, फक्त रिंगा टाका आणि चालवा."

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जुना पिस्टन विकण्याला माझा विरोध नाही. तो घासून आरशासारखा करायचा आणि माप न सांगता विकायचा, याला आहे. ज्याच्याकडं खरंच चांगला माल आहे, त्यानं तो आधी मळकाच दाखवावा. न धुतलेला. हे वाचून दुकानदार मंडळी हसतील, हसू द्या.

हा जुना माल येतो कुठून, ते नव्या पोरांना माहीत नसतं. दर वेळी तो भंगारातल्या ट्रॅक्टरचाच असतो असं नाही. लायनरवाल्या इंजिनात लायनर आणि पिस्टन बहुतेक वेळा किटमध्ये एकत्र येतात. लायनर गेला की माणूस अख्खं किट बदलतो, त्यात पिस्टन बरा असला तरी बाहेर पडतो. कधी तीनपैकी एक पिस्टन फुटतो आणि मिस्त्री म्हणतो, "आता उघडलंच आहे तर तिन्ही बदला." मग दोन बरे पिस्टन डब्यात जातात. जिथं लायनर नसतो, ब्लॉकच बोअर करतात, तिथं वीस साइज, तीस साइज करत मोठा पिस्टन घालतात आणि आधीचा निघतो. (वीस म्हणजे इंचाचे वीस हजारांश भाग, साधारण ०.५० मिमी. काही पिस्टनच्या डोक्यावर २० छापलेलं असतं, काहींवर ०.५०. दोन्ही एकच. यावरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत.)

म्हणजे बाहेर पडलेला प्रत्येक पिस्टन बाद नसतो. उलट इंजिनात सगळ्यात आधी झिजतात त्या रिंगा आणि लायनरचा वरचा भाग, जिथं वरची रिंग येऊन थांबते. पिस्टनचा खालचा गोल भाग, ज्याला स्कर्ट म्हणतात, तो ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर पुष्कळ टिकतो. पिस्टनमध्ये झिजते ती मुख्यतः वरच्या रिंगेची खाच. सगळा जाळ, सगळा दाब तिच्यावर. म्हणून तर डिझेलच्या बऱ्याच पिस्टनमध्ये वरच्या खाचेला बिडाचं कडं ओतलेलं असतं, बाकीचा पिस्टन ॲल्युमिनिअमचा. नवीन किट ज्याला झेपत नाही त्याला मापात बसलेला जुना पिस्टन म्हणजे आधार आहे. मागच्या वर्षी माझ्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचं हाफ इंजिन काम केलं. किट, मेटल, पॅकिंग सेट, हेडचं काम, दोन मजुऱ्या धरून ५८,००० रुपये गेले. दोन एकरवाल्यानं एवढे कुठून आणायचे? तो जुन्याकडं वळणारच. आणि तो वळतो म्हणूनच जुना माल विकणाऱ्यावर जबाबदारी जास्त आहे.

आता मळक्या पिस्टनची गोष्ट.

इंजिनातून काढलेला पिस्टन म्हणजे त्या इंजिनाचा सातबारा असतो बघा. आमच्याकडचा एक म्हातारा बोअरिंगवाला आहे, त्याच्याकडं पिस्टन नेला की तो आधी फडक्यानंसुद्धा पुसू देत नाही. उजेडात धरतो, फिरवतो आणि सांगतो ट्रॅक्टर कसा चालवला होता ते. पहिल्यांदा मला वाटलं, हा ज्योतिष सांगतोय. पण त्यानं एकेक खूण दाखवल्यावर कळलं, सगळं लिहिलेलंच असतं.

डोक्यावर कोरडी, सारखी काजळी असेल तर काळजी नाही, डिझेल जळलं की ती येतेच. पण एका बाजूला ओला चिकट थर असेल तर ऑइल वर चढत होतं. नोझलचा फवारा जिथं पडतो तिथं डोकं खाल्ल्यासारखं, खरबरीत झालं असेल तर नोझल थेंब थेंब गळत होता. अर्धचंद्रासारखा ठोका दिसला तर व्हॉल्व्ह येऊन आदळलाय. स्कर्ट चारी बाजूंनी पॉलिश पेपर मारल्यासारखा निस्तेज करडा झाला असेल तर इंजिननं धूळ खाल्ली, एअर क्लीनर गेला होता. रोटाव्हेटर आणि मळणीवर चाललेल्या ट्रॅक्टरचं हे नेहमीचं. उभ्या, खोल रेघा असतील, धातू ओढून नेल्यासारखा, तर इंजिन तापून धरलं होतं. आणि एका बाजूला पिनच्या वर घासलेलं, समोरच्या बाजूला पिनच्या खाली घासलेलं, असं तिरकं दिसलं तर पिस्टनचा दोषच नाही, कनेक्टिंग वाकलेला आहे. रिंगांच्या खाली बाजूनं तपकिरी-काळे ओघळ असतील तर कॉम्प्रेशन खाली उतरत होतं.

हे सगळं वायर ब्रशच्या चाकावर दोन मिनिटांत पुसून जातं. राहते ती चकाकी. आणि फोटोत चकाकीच दिसते. मी म्हणतो ते एवढ्यासाठी: घासणारा माणूस नुसता कार्बन काढत नाही, पुरावा काढतो. काही जण मुद्दाम काढतात, काही जण न कळून. घेणाऱ्याचं नुकसान दोन्हीकडं सारखंच.

बरं, घासण्यानं पिस्टनचंही भलं होत नाही. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून फिरवला की खाचेच्या कडा गोल होतात. रिंगेला बसायला सरळ कड लागते, ती गेली. स्कर्टवर कंपनीनं दिलेला काळपट थर असतो, थंड इंजिन चालू करताना लायनरला घासू नये म्हणून. तो निघून जातो आणि लोकांना वाटतं घाण निघाली! काही ठिकाणी वाळूचा मारा करतात. ॲल्युमिनिअम मऊ. वाळूचे कण त्यात रुततात, ऑइल रिंगच्या खाचेतल्या बारीक भोकांत जाऊन बसतात, आणि पुढं इंजिन तापलं की सुटून लायनर कापतात. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकणारेही आहेत. लोखंडाला चालतं ते ॲल्युमिनिअमला चालत नाही. सोडा ॲल्युमिनिअमच खातो, ते बुडबुडे म्हणजे कार्बन निघत नाही, पिस्टन विरघळतोय. सगळ्यात वाईट म्हणजे गॅस वेल्डिंगची ज्योत मारून कार्बन जाळणं. पिस्टनला कारखान्यात ठरावीक ताप देऊन कणखर केलेलं असतं. वरून असा अंदाधुंद ताप दिला की तो मऊ पडतो. दिसायला काही फरक नाही. मापालाही नसेल कदाचित. चालल्यावर कळतं.

साफ करायची रीत साधी आहे, तिला फक्त वेळ लागतो. आधी जसाच्या तसा फोटो काढायचा, चारी बाजूंनी. पिस्टन कितव्या सिलिंडरचा आणि पुढची बाजू कोणती ते आतल्या बाजूला मार्करनं लिहायचं. रिंगा पक्कडीनं ओढायच्या नाहीत, त्यांचा चिमटा मिळतो. मग रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवायचा. (पूर्वी रॉकेल वापरायचो, आता ते मिळतंय कुठं? आणि हे काम चुलीपासून, विडीपासून लांब.) सकाळी कार्बन फुगून येतो. डोक्यावरचा कार्बन बांबूच्या कामटीनं नाहीतर प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडायचा. स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही. खाचेसाठी जुनी रिंग मोडून तिचा तुकडा वापरतात, ती जुनी पद्धत चांगली आहे, फक्त तुकड्याच्या कडा आधी मारून घ्यायच्या आणि खाचेच्या बाजू खणायच्या नाहीत. ऑइलची भोकं तारेनं मोकळी करायची. शेवटी गरम पाणी, साबण, जुना दात घासायचा ब्रश, हवा मारून कोरडा, आणि ऑइलचा हात. असा साफ केलेला पिस्टन चमकत नाही. डोकं जरा डागाळलेलंच राहतं, स्कर्ट मूळ रंगाचा राहतो. मला तर असा डागाळलेला पिस्टन दिसला की विकणाऱ्याबद्दल भरवसा वाटतो.

आमच्या भावकीतल्या एका पोराची गोष्ट सांगतो, म्हणजे मी एवढा का बोलतोय ते कळेल. ऐन हंगामात, डिसेंबरात, ट्रॅक्टरचा एक पिस्टन गेला. नवीन किटला पैसे नव्हते, उचल आधीच संपलेली. तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून त्यानं चकचकीत केलेला सेट आणला. दुकानदारानं सांगितलं "कंपनी फिटिंगचा माल आहे, कमी चाललेला." बिल नाही, चिठ्ठी नाही. रिंगा नव्या, लायनर नवे, पिस्टन जुने. मिस्त्रीनं बसवले. आठ दिवस ट्रॅक्टर चांगला चालला, पोरगा खूश. मग ऑइल कमी व्हायला लागलं, आणि बाराव्या दिवशी कारखान्याच्या रस्त्यावर दोन भरलेल्या ट्रॉल्या मागं असताना इंजिननं आवाज बदलला. उघडल्यावर दुसऱ्या सिलिंडरची वरची रिंग तीन ठिकाणी तुटलेली, नव्या लायनरला बोट अडकेल एवढ्या रेघा. पुतण्या आयटीआयचा डिझेल मेकॅनिक आहे, त्यानं खाचेत नवी रिंग धरून फिलर गेज घातला तर पात्यांवर पाती घालावी लागली. खाच एवढी सैल होती की रिंग आत हापटत राहिली आणि मोडली. आणि ऑइलच्या भोकांतून पांढरे बारीक खडे निघाले. वाळूच होती ती.

पंधरा दिवस ट्रॅक्टर बंद. तोडणी टोळी दुसऱ्या गाडीला गेली. दुकानदाराकडं गेलो तर तो शांतपणे म्हणाला, "बघून घेतला होता ना?"

हे "बघून घेतला" वाक्य सगळ्या जुन्या बाजाराचं हत्यार आहे. बघायला काय ठेवलं होतं तुम्ही? बघण्यासारखं होतं ते सगळं चाकावर घासून टाकलं, आणि जे उरलं ते डोळ्याला दिसत नाही. ०.१० आणि ०.२५ मिलिमीटरमधला फरक कुणाच्या डोळ्याला दिसतो? डोक्याचा एक केसच साधारण ०.०७ मिमी जाड असतो.

आता दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणतो, मळका माल ठेवला तर गिऱ्हाईक हातसुद्धा लावत नाही. हे खरं आहे, आणि ही आपली चूक आहे, शेतकऱ्यांची. बैल घ्यायला बाजारात गेलो तर शिंगांना लावलेल्या रंगाला आपण भुलत नाही. जबडा उघडून बघतो: आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती की जुळलेला. चालवून बघतो, खांद्यावर हात फिरवतो. व्यापाऱ्यानं पाठीला तेल चोपडलेलं असलं तर उलट जास्त संशय घेतो. ही अक्कल आपल्याला आज्या-पणज्यानं दिली. मग बैलापेक्षा जास्त ओढणाऱ्या वस्तूचा भाग घेताना ती कुठं जाते? पिस्टनचे दात म्हणजे रिंगेची खाच. ती उघडून बघायची.

बघायचं म्हणजे मापायचं, आणि मापायला लागतं काय? एक फिलर गेज, एक मायक्रोमीटर. दोन्ही प्रत्येक बोअरिंगवाल्याकडं असतात. आम्हाला तर कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर जवळ आहे, तिथं मशीनवर हात बसलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण माप घेण्यातही फसवाफसवी चालते, म्हणून दोन गोष्टी नीट सांगतो. थंड पिस्टन गोल नसतो. ॲल्युमिनिअम तापल्यावर बिडापेक्षा साधारण दुप्पट फुगतं, म्हणून पिस्टन मुद्दाम थोडा लंबगोल आणि वरच्या बाजूला निमुळता केलेला असतो. त्याचं खरं माप स्कर्टवर, पिनच्या काटकोनात, कंपनीनं दिलेल्या उंचीवर घ्यायचं. कुणी डोक्यावर व्हर्निअर लावून "हे बघा, माप" म्हणाला तर त्याला रामराम करायचा. दुसरं, लायनरमध्ये रिंग सरकवून तिच्या तोंडातली फट बघतात आणि म्हणतात पिस्टन चांगला आहे. ती फट लायनरची आणि रिंगेची परीक्षा आहे, पिस्टनची नव्हे. पिस्टनची परीक्षा म्हणजे साफ केलेल्या खाचेत नवी रिंग ठेवून बाजूची फट. नव्या पिस्टनला ती ०.०५ ते ०.१० मिमीच्या आसपास असते. ०.२० च्या पुढं गेलेला पिस्टन मला कुणी फुकट दिला तरी नको. अर्थात शेवटचा शब्द तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातल्या आकड्याचा. टर्बोच्या काही इंजिनांत वरची रिंग पाचरीसारखी निमुळती असते, तिथं ही रीत चालत नाही, तिथं जाणकारालाच विचारा.

पिनचं भोक बघायचं, पिन बोटानं घट्ट सरकली पाहिजे, खुळखुळली नाही पाहिजे. स्कर्टवर बारीक ठिपके किंवा रेघांची जाळी पाडलेली दिसली तर माप फुगवलेलं आहे, ही जुनी युक्ती आहे. तीन पिस्टन वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून वजन करायचं; फरक पाच-सहा ग्रॅमच्या पुढं गेला तर सेट एका इंजिनातला नाही, जमवलेला आहे. आणि चीर. चीर पिनच्या भोकाजवळ आतून येते, नाहीतर डोक्यावरच्या वाटीच्या काठाला. कार्बनखाली झाकलेली असते, घासताना बुजतेसुद्धा. तिच्यासाठी लाल रंगाचा आणि पांढऱ्या पावडरीचा स्प्रे मिळतो. साफ पिस्टनवर लाल मारायचा, थोड्या वेळानं पुसायचा, पांढरा मारायचा. चीर असेल तर लाल रेघ वर येते. दोन डबे आठ-दहा जणांनी मिळून घेतले तर जड नाही.

हे लिहीत असताना मुलगा म्हणाला, "आबा, ट्रॅक्टरचंच लिहिताय, आमच्या आरएक्सचं पण लिहा." तर तेही लिहितो, कारण तिथं धोका जास्त आहे. यामाहा आरएक्स १०० ही १९८५ साली आलेली ९८ सीसीची टू स्ट्रोक गाडी, १९९६ ला बंद झाली, पण आमच्याकडं तिच्यासाठी पोरं अजून वेडी आहेत. सिलिंडर घासतात, पोर्ट मोठे करतात, आणि मोबाईलवरून रेसिंगचे वापरलेले पिस्टन मागवतात. "फोर्ज्ड आहे, रेसच्या गाडीतला आहे, दोनच रेस झाल्यात." आता विचार करा. ट्रॅक्टरचं इंजिन दोन हजार आरपीएमवर चालतं. ही गाडी साडेसात हजारावर पूर्ण ताकद देते, आणि पोरं त्याच्याही पुढं ओढतात. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन दोनदा थांबतो आणि दोनदा पळतो. म्हणजे मिनिटाला पंधरा हजार वेळा झटका. ॲल्युमिनिअमचा गुण असा की प्रत्येक झटक्याचा हिशेब ते मनात ठेवतं. दिसत काही नाही, आणि एक दिवस सुटतं. म्हणून तर रेसवाले ठरावीक तास झाले की पिस्टन काढून टाकतात, तो चांगला दिसत असला तरी. त्यांनी काढून टाकलेलाच तुम्ही विकत घेताय. ट्रॅक्टरच्या जुन्या पिस्टनला मी माप बघून हो म्हणेन. रेसच्या जुन्या पिस्टनला तास लिहून दिल्याशिवाय हो म्हणणार नाही, आणि तास खरे कोण लिहून देतं? ट्रॅक्टर बंद पडला तर रस्त्याच्या कडेला उभा राहतो. मोटारसायकल ऐंशीच्या वेगात धरली तर मागचं चाक जाम होतं आणि पोरगा डांबरावर असतो. पोरांनो, त्या गाडीला नवीन पिस्टन फार महाग नाही. नवीन घ्या.

पुन्हा ट्रॅक्टरकडं. विकणाऱ्यानं काय करावं, तर एक चिठ्ठी. कोणत्या इंजिनातला, किती साइजचा, स्कर्टचं माप, वरच्या खाचेची फट, कशानं साफ केला, आणि खाली सही आणि तारीख. धुण्याआधीचा फोटो मोबाईलवर पाठवावा. एवढंच. याला खर्च नाही. जो चिठ्ठी द्यायला नाही म्हणतो तो काय लपवतोय ते समजून घ्यावं. आणि घेणाऱ्यानं बिल मागावं, जुन्या मालाचंही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू बसत नाही असं लोक सांगतात. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून वापरायला घेतलेली वस्तू त्यात धरली जाते, हे त्याच कायद्यात लिहिलंय. अडचण एवढीच, की हातात कागद नसेल तर जिल्हा आयोगापुढं काय दाखवणार? भावकीतल्या पोराकडं दाखवायला तुटलेली रिंग होती, कागद नव्हता.

आणखी एक काम आपल्या हातातलं आहे. बाद पिस्टन भंगारात अख्खा देऊ नका. भंगारवाला ॲल्युमिनिअम किलोवर घेतो, सबंध असो की तुकडे, भाव तोच. पण सबंध दिला तर तो वितळेलच याची खात्री नाही. तो घासून, कधी कधी नव्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून, कुणाच्या तरी इंजिनात परत येतो.

माझ्या ट्रॅक्टरचे मागच्या वर्षी काढलेले तीन पिस्टन घरात आहेत. त्यांना दोन-तीन जण विचारून गेले. मी खाचा तेवढ्या साफ केल्या, स्कर्ट फडक्यानं पुसला, बाकी कार्बन आहे तसा ठेवलाय. स्कर्टचं माप तिन्हींचं जवळपास एक, फरक एक शतांश मिलिमीटरचा. वरच्या खाचेची फट पहिल्याला ०.१०, दुसऱ्याला ०.१२ आणि तिसऱ्याला ०.२२. तिसरा दिसायला तिघांत सगळ्यात चांगला आहे, बरं का. तो परवा हॅक्सॉ लावून मधोमध कापला आणि भंगाराच्या पोत्यात टाकला. बाकीचे दोन ज्याला लागतील त्यानं येताना आपल्या इंजिनाचं पुस्तक आणि एक नवी रिंग घेऊन यावं, फिलर गेज माझ्याकडं आहे. संध्याकाळी सातनंतर या, दिवसा पाण्याची पाळी चालू आहे.